केतकीच्या कानाचा नकाशा

साहेब, तुम्ही आमच्या गावातल्या पोरांना कान वाटलेत, पण एकाच्याही कानात डोकावून बघितलं नाहीत. एकाच मापाच्या चपला साऱ्या शाळेला वाटायच्या आणि ज्याला बोचतील त्यालाच लंगडा म्हणायचं, असला हा कारभार. वर त्या वाटपाचे फोटो काढलेत. फोटोत कडेला कपाळाला आठ्या घालून उभी आहे ती केतकी हावळ. त्या आठ्या कशाच्या, हे तुम्ही तिला विचारलं नाहीत. म्हणून इथं लिहावं लागतंय. मुलांनो, तुम्हीही वाचा. कारण ज्या अद्भुत वस्तूची ही गोष्ट आहे ती तुमच्याही डोक्याच्या दोन्ही बाजूंना आहे, आणि तिच्याकडे बघायला तुम्हालाही कुणी शिकवलेलं नाही.

आधी कोडं. काळ आजपासून काही वर्षं पुढचा, गाव इचलकरंजी. सहावीतल्या केतकीला गल्लीतून ट्रक गेला की तो लांबूनच कळतो. ताटली पडली की ती दचकते. पण पाठीमागून आईनं हाक मारली तर ती वळत नाही. सरकारी योजनेच्या शिबिरात मिळालेलं श्रवणयंत्र (कानात घालायचं, आवाज मोठा करणारं छोटं यंत्र) घातलं की तिचं डोकं ठणकतं. आवाज दुप्पट होतो आणि बाईंचं बोलणं मात्र होतं तसंच धूसर राहतं. मग तिला ऐकू येतं की येत नाही?

शाळेनं कोडं सोडवून टाकलं होतं. चौगुले बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, केतकीच्या आईवडिलांना बोलावून म्हणाल्या होत्या की सरकारनं यंत्र दिलंय, यंत्र चालू आहे, तरी मुलगी ते काढून दप्तरात टाकते आणि प्रश्न विचारला की भलतंच उत्तर देते. दिवाळीनंतर तिला ‘संथ वर्गा’त बसवावं लागेल. संथ वर्ग म्हणजे जिन्याखालची खोली. तिथं सगळ्या इयत्तांची मुलं एकत्र बसतात आणि चित्रं रंगवतात. तिथून कुणी वर आलेलं गावात कुणाला आठवत नव्हतं.

केतकीला मोठं होऊन पूल बांधायचे होते. जिन्याखाली पुलाचं गणित शिकवत नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आता तिच्या घराबद्दल सांगायला हवं, कारण सगळी फसगत तिथूनच सुरू झाली. घराच्या मागच्या अंगाला तिच्या अण्णांचा, सूरज हावळांचा, यंत्रमागांचा छोटा कारखाना होता. नव्या जमान्यात बिनआवाजाचे माग आले होते, पण धोट्याच्या जुन्या मागावरच्या कापडाला वेगळं गिऱ्हाईक होतं, म्हणून अण्णांनी ते राखले होते. धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन मागाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे धावणारा लाकडी तुकडा. तो धडाधड आपटतो. असे माग एकदम चालू झाले की शेजारी उभ्या माणसाच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही.

म्हणून मागावरची माणसं ओरडतच नाहीत. ती ओठ हलवतात आणि हात हलवतात. दोन बोटं कात्रीसारखी केली की धागा तुटलाय. मूठ ओठाला लावली की चहा आलाय. समोरच्याच्या ओठांवरून पूर्ण भांडण ऐकता येतं आणि तितक्याच जोरात परतही देता येतं. हीच सवय घरातही आलेली. जेवतानासुद्धा हावळांच्या घरी माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघूनच बोलत. केतकी चालायला लागायच्या आधी ओठ वाचायला शिकली होती, आणि ते कुणाच्या लक्षात यायचं कारणच नव्हतं. तिथं सगळेच तसे होते.

लक्षात आणून दिलं ते घुम्यानं.

घुम्या हा यंत्रमानव. मागवाल्यांनी मिळून भाड्यानं आणलेला. चाकांवरचा एक खांब, त्याला चारी बाजूंनी कान आणि पोटात कर्णा. बिघडायच्या बेतात आलेला माग तो नुसता ऐकून ओळखायचा. तासन्‌तास ऐकायचा आणि क्वचित बोलायचा, म्हणून पोरांनी नाव ठेवलं घुम्या. त्याला चेहरा नव्हता. यंत्राला कशाला हवा चेहरा?

त्या दिवशी घुम्याच्या सांगण्यावरून बाकीचे माग बंद करून एकच चालू ठेवला होता. केतकी अण्णांचा डबा घेऊन आली आणि त्याच मागाच्या टोकाशी उभी राहिली. घुम्या वळला आणि मोठ्यानं बोलला, ‘बाजूला हो. धोटा निसटणार आहे.’ दाराशी उभ्या असलेल्या आईला ते स्पष्ट ऐकू आलं. केतकी घुम्याकडे बघत होती. त्याच्याकडे बघून हसलीही. जागची हलली मात्र नाही.

अण्णांनी झेप घेऊन तिला दंडाला धरून ओढलं. धोटा तिच्या डोक्याजवळून गेला आणि भिंतीचा गिलावा उडवून खाली पडला.

भीती ओसरल्यावर अण्णांचा पारा चढला. एवढं ओरडून सांगतोय तो, कान काय गहाण ठेवलेस काय, असं बरंच काही ते बोलले. केतकी रडत रडत म्हणाली, ‘त्याला तोंडच नाही, अण्णा. तो काय बोलतोय ते दिसणार कसं?’

अण्णा मागाकडे वळले. त्यांनी चालू असलेला मागही बंद केला. मग ते हळूच तिच्या पाठीमागे गेले आणि रोजच्या आवाजात म्हणाले, ‘केतकी, चल, आपण चहा पिऊ.’ ती गिलाव्यातल्या खड्ड्याकडे बघत डोळे पुसत राहिली. त्यांनी पुन्हा म्हटलं. आईनं पदर तोंडाला लावला.

घुम्या म्हणाला की माणसाचे कान तपासणं हे त्याचं काम नव्हे. पण त्याचे स्वतःचे कान मिरजेच्या डॉक्टर यास्मिन मुल्ला यांनी बनवलेत आणि त्या अजून माणसांचेही कान बघतात. यंत्र असून त्यानं ‘हे मला येत नाही’ म्हटलं, साहेब. तुमच्या शिबिरात हे वाक्य एकानंही उच्चारलं नव्हतं.

मुल्ला आजी सत्तरीच्या, ठेंगण्या, आणि बोलायला तिखट. त्यांनी पहिल्यांदा विचारलं की शिबिरात तपासणी कशी झाली. केतकीनं सरळ सांगितलं. शाळेच्या व्हरांड्यात समोरासमोर बसवलं होतं. तपासणारा दादा आवाज कमीजास्त करायची एक चकती फिरवायचा. चकती निम्म्यावर आली की मान वर करून तिच्याकडे बघायचा. त्यानं मान वर केली की तिनं हात वर करायचा, असंच तिला वाटलं. मागावर असंच तर असतं. समोरच्यानं मान हलवली की आपण हात हलवायचा.

आजी इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा घसरला. म्हणाल्या, ‘म्हणजे त्या दिवशी तपासणी तुझ्या डोळ्यांची झाली. त्यात तू पहिली आलीस.’ मग हसू आवरून अण्णांना म्हणाल्या, ‘आणि त्या चुकीच्या तपासणीवर यंत्र बेतलं. बेतलं तरी कसलं, साऱ्यांना एकच दिलं.’

त्यांनी केतकीला जाड भिंतींच्या खोलीत, त्यांच्याकडे पाठ करून बसवलं. कानात एक-एक सूर सोडला. आधी घागरीत बोलल्यासारखे खालचे सूर, मग शिट्टीसारखे वरचे. जो सूर जेवढा बारीक असताना ऐकू आला तिथं एक ठिपका. सगळे ठिपके जोडले की झाला श्रवणालेख (कोणता सूर किती मोठा केल्यावर ऐकू येतो, याचा नकाशा). केतकीचा नकाशा डावीकडे, खालच्या सुरांपाशी, पठारासारखा सपाट होता. मधे आल्यावर तो पन्हाळ्याच्या कड्यासारखा सरळ खाली कोसळला होता.

तिला कळेना की अर्धं ऐकू येणं आणि अर्धं न येणं एकाच कानात कसं असेल.

‘चल, तुझ्या कानातच जाऊन बघू,’ आजी म्हणाल्या.

शेजारी एक मोठी गोल खोली होती. दिवे मालवले आणि हवेत प्रकाशाचा एक बोगदा उभा राहिला. आत वळत, वर चढत, शंखासारखा गुंडाळलेला. हा केतकीच्याच कानाच्या आतला कर्णशंख (आवाज ओळखणारी, पाण्यासारख्या द्रवानं भरलेली नळी). खरा असतो वाटाण्याएवढा. इथं तो देवळाच्या गाभाऱ्याएवढा झाला होता. तळाशी एक लांब पट्टी पसरली होती आणि तिच्यावर शेतातल्या कोवळ्या पात्यांसारख्या रांगाच्या रांगा उभ्या होत्या.

आजींनी हलक्या आवाजात सांगितलं. आवाज म्हणजे हवेची थरथर. ती कानाच्या पडद्यावर आदळते. अगदी बारीक आवाजाला तो पडदा एका अणूच्या रुंदीपेक्षाही कमी हलतो, आणि तरी ते या आतल्या पाण्याला कळतं. पाण्यात लाट उठते. लाट जिथं फुगते तिथली पाती वाकतात आणि मेंदूला निरोप जातो. ही पाती म्हणजे केशपेशी (केसासारखे तुरे असलेल्या सूक्ष्म पेशी). एका कानात त्या सुमारे पंधरा हजार. साऱ्या जन्माचं गाणं, भांडण, अंगाई, सगळं एवढ्यांच्यावर.

अण्णांनी चपला काढून हातात घेतल्या होत्या. का काढल्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

आजींनी ढोलाचा एक ठोका सोडला. लाट बोगद्यातून थेट आतपर्यंत गेली आणि शेवटच्या वळणावर पाती लखलखून उठली. मग त्यांनी चिमणीचा आवाज सोडला. लाट दारातच फुगली. दारातली पाती काळी होती, आडवी पडलेली. एकही उजळली नाही.

केतकीनं ओंजळ पुढे केली, जणू लाट हातात धरता येईल.

मग आजींनी उलगडून सांगितलं. सुराची उंची मोजतात ती कंप्रता (एका सेकंदात हवा किती वेळा थरथरते तो आकडा). प्रत्येक कंप्रतेची कर्णशंखात ठरलेली जागा आहे. उंच सूर दाराशी, खालचे खोल आत. आ, ओ, ऊ यांचा आवाज मुख्यतः खालचा. तो केतकीला नीट येतो. स, श, च, थ, फ हे उंच, हवेसारखे. ते तिच्या दाराशीच विझतात. म्हणून बोलणं चालू आहे हे कळतं, काय बोललं ते कळत नाही. मंदपणाचा इथं काही संबंध नाही. उलट अर्ध्या आवाजावर ही मुलगी सहावीपर्यंत आली.

आणि योजनेचं यंत्र? ते सगळ्याच सुरांना सारखं फुगवत होतं. ट्रक, ताटली, बाकांची खरखर, जे तिला आधीच चांगलं ऐकू येत होतं ते दुप्पट झालं. जे येत नव्हतं त्याला पुरेसं बळ मिळालंच नाही. ठणकणार नाही तर काय होईल?

अण्णांनी अडखळत विचारलं की हे कशानं झालं, तिचा पाळणा मागाजवळ होता म्हणून का. आजींनी खोटा दिलासा दिला नाही आणि बोलही लावला नाही. म्हणाल्या की जन्मापासूनचं असेल, मोठ्या आवाजानंही होतं, आता खात्रीनं सांगता येणार नाही. मग त्यांनी अण्णांनाच खुर्चीवर बसवलं. थोड्या वेळानं बोगद्यात अण्णांचा कान उभा राहिला. त्यातही दारापासून थोडं आत, पात्यांची एक आडवी पट्टी झोपलेली. मागाच्या आवाजानं.

‘कधीपासून?’ अण्णांनी विचारलं.

‘ते तुम्ही सांगा. कानात बोळे घालून काम करायला कुणी सांगितलं होतं का कधी?’

कुणी सांगितलं नव्हतं. साहेब, हेही तुमच्याच कामात येतं.

यंत्र निवडायची वेळ आली तेव्हा केतकीनं पहिल्यांदा हात घातला तो सगळ्यांत छोट्या, जांभळ्या यंत्राला. दिसणारच नाही कुणाला. आजी म्हणाल्या, बघ घालून. ते कानाच्या आत घट्ट बसलं आणि तिला स्वतःचाच आवाज माठात तोंड घातल्यासारखा घुमायला लागला. तिचे खालचे सूर चांगले आहेत, त्यांना कान मोकळा हवा. बूच मारलं की ते कोंडतात. शिवाय मुलांचे कान वाढतात. आज बसणारं उद्या सैल होतं आणि सैल यंत्र शिट्टी मारतं.

मग कानामागे बसणारं एक निवडलं. त्याच्या टोकाला भोकाभोकांची मऊ टोपी, हवा खेळती राहील अशी. ते सूर सुटे करायचं, घुम्या मागाचे आवाज सुटे करतो तसं, आणि जिथं नकाशात कडा होता तिथंच बळ द्यायचं. बारीक आवाजाला जास्त, मोठ्याला कमी, म्हणजे ताटली पडली तरी कानात वीज पडणार नाही. दोन्ही कानांना एकेक, कारण आवाज कुठून आला हे दोन कानांतल्या फरकावरूनच मेंदू ओळखतो. आजींनी केसाएवढी नळी तिच्या कानात सरकवली आणि पडद्याजवळ आवाज खरोखर किती पोचतो ते मोजलं. लहान कानात तोच आवाज मोठा होतो. अंदाजानं चालत नाही.

एक अडचण उरली. अगदी दाराशी काही पाती मुळातच नव्हती. तिथं कितीही मोठा आवाज ओतला तरी ऐकणारं कुणी नाही. आजी म्हणाल्या की ते सगळ्यांत उंच सूर यंत्र थोडे खाली उतरवेल आणि शेजारच्या जिवंत पात्यांवर सोडेल.

अण्णा पटकन म्हणाले, ‘म्हणजे काठाचे उभे धागे तुटलेत, तर नक्षी थोडी आत सरकवून विणायची.’

‘तेच. माझ्या विद्यार्थ्यांना हे समजवायला मला आठवडा लागतो.’

पण आजींनी त्या यंत्रावर लगेच शिक्का मारला नाही. शांत खोलीत सगळीच यंत्रं गुणी असतात, असं त्या म्हणाल्या. जिथं जगायचं तिथं नेऊन बघ, आणि बोचलं की मला सांग, मी बदलत राहीन. मेंदूलाही वेळ लागतो. नवे सूर आले की आधी त्याला तो कचरा वाटतो.

पहिले काही दिवस खरंच वैतागाचे गेले. कागद चुरगळल्याचा आवाज, स्वतःच्या केसांचा आवाज. केतकी आईवर चिडायची, यंत्र काढायची, पुन्हा घालायची. दोनदा मिरजेला जाऊन फेरफार केले. मग एका सकाळी, माग सुरू व्हायच्या आधी, ती कारखान्यात गेली. अण्णा ताणलेल्या धाग्यांवरून तळहात फिरवत होते, कुठं गाठ आहे का बघायला. ती दारातच थबकली.

‘अण्णा, सूत बोलतंय.’

धाग्यांवरून हात फिरला की एक बारीक सळसळ होते. अण्णांनी पुन्हा हात फिरवला. त्यांना काही ऐकू आलं नाही. ते लेकीच्या चेहऱ्याकडे बघत राहिले आणि तिच्यासाठी हात फिरवत राहिले. तिनं डोळे मिटले होते. समोरच्या माणसाकडे न बघता ती ऐकत होती. जन्मात पहिल्यांदा.

आजींनी तिला आणखी एक सांगितलं होतं. पक्ष्यांच्या कानातली पाती मेली तर पुन्हा उगवतात. माणसाची उगवत नाहीत. का उगवत नाहीत, याच्या मागे जगभर लोक लागलेत. पुलांचं झालं की तूही लाग, असं त्या म्हणाल्या होत्या.

दिवाळीनंतर शाळेत बैठक झाली. योजनेचे साहेब आले होते. म्हणजे तुम्हीच. चौगुले बाईंनी आधी स्वतः तोंडापुढे पुस्तक धरून केतकीला गणितं घातली. तिनं एक चुकवलं, बाकीची सोडवली. बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘ही सहावीतच बसेल. मी चुकले.’ एवढं बोलायला काही मोडत नाही, बघा.

तुम्ही मात्र म्हणालात की ही एक अपवादाची केस. दिलेलं यंत्र बदलून देण्याचा नियम नाही आणि फेरतपासणीची तरतूद नाही. केतकीनं ते सगळं नीट ऐकलं. आणि तुम्हाला म्हणाली, जरा माझ्याबरोबर खाली येता का.

जिन्याखालच्या खोलीत मुलं रंगवत बसली होती. तिनं तुम्हाला दारात उभं केलं, तोंडावर रुमाल धरायला सांगितला आणि म्हणायला लावलं, ‘सगळ्यांनी हात वर करा.’ तुम्ही म्हणालात, चांगलं खणखणीत. तिघांनी हात वर केले. काहींनी त्या तिघांकडे बघून मग वर केले. बाकीची मुलं तुमच्या रुमालाकडे बघत राहिली.

तुमचा हात खाली आला. चौगुले बाई भिंतीला टेकल्या. फाटकापाशी मुल्ला आजींची गाडी उभी होती, तपासणीची यंत्रं घेऊन, आणि घुम्या सोबत होता. तुम्ही नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं.

‘साहेब,’ केतकी म्हणाली, ‘यांच्या कानाचा नकाशा कोण काढणार, आणि कधी?’

तुम्ही वरच्यांना विचारून कळवतो म्हणालात आणि गाडीत बसलात. ती मुलं अजून तिथंच आहेत. ज्यांना ऐकू येत नाही त्यांनी तुम्हाला काही विचारलेलं नाही, पण जिला आता येतं तिनं विचारलंय. कोण, आणि कधी? सांगा.